मॉस आणि माकड यांची तुलना कशी करावी

मॉस (ओलसर जागी वाढणारी छोटी वनस्पती) आणि माकड यांपैकी अधिक संकटात कोण आहे, हे ठरवायचे असेल तर आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीचे, म्हणजे जाती नामशेष होण्याची जोखीम नोंदवणाऱ्या यादीचे, निकष वापरावेत. ते प्राणी आणि वनस्पती दोहोंना सारखेच लागू होतात. उदाहरणादाखल इंग्लंडमधील डर्बीशायर फेदर-मॉस आणि पश्चिम घाटातील सिंहपुच्छ माकड घेऊ. (बोलताना आपण मॉसलाही शेवाळच म्हणतो, परंतु शेवाळ वेगळे आणि मॉस वेगळे.)

सर्वांत आधी ‘एक’ कोणाला म्हणायचे ते ठरवावे, कारण बहुतेक तुलना येथेच चुकतात. माकडांची डोकी मोजता येतात. प्रौढ सिंहपुच्छ माकडे २,५०० च्या आतच उरली आहेत. मॉसचा मात्र दाट गालिचा असतो आणि त्यात एक रोप कोठे संपते व दुसरे कोठे सुरू होते, हे सांगणे अशक्यप्राय असते. म्हणून अभ्यासक बहुधा मॉसने व्यापलेला एक चौरस मीटर म्हणजे एक ‘जीव’ असे धरतात. हा संकेत आहे, मोजणी नव्हे, याची नोंद तुलनेत अवश्य करावी.

त्यानंतर क्षेत्र पाहावे. दोन किलोमीटर बाजूच्या चौकटी नकाशावर आखून, जाती आढळलेल्या चौकटींचे क्षेत्र मोजले जाते. डर्बीशायर फेदर-मॉस चुनखडीच्या एकाच दरीत, ओढ्याकाठच्या एका छोट्या तुकड्यावर वाढते. तरीही एका चौकटीमुळे कागदावर त्याचे क्षेत्र ४ चौरस किलोमीटर भरते. म्हणूनच प्रत्यक्ष व्यापलेली जागा शेजारी वेगळी लिहावी.

घट मोजताना दहा वर्षे किंवा तीन पिढ्या, यांपैकी मोठा काळ घ्यावा. माकडिणीला पहिले पिल्लू साधारण सहाव्या वर्षी होत असल्याने येथे काही दशकांचा हिशेब लागतो.

धोके मात्र एका मापात बसवू नयेत. माकड झाडांच्या शेंड्यांवरून फिरते. चहामळ्यांनी जंगल तुटल्यावर तमिळनाडूतील वालपराई येथे त्यांच्यासाठी रस्त्यांवर अग्निशमनाच्या जुन्या पाइपांचे पूल टांगले गेले. मॉसचे सारे अस्तित्व मात्र एका झऱ्याच्या पाण्यावर टिकलेले आहे. ते पाणी दूषित झाले किंवा आटले तर पूल बांधूनही उपयोग नाही. त्यामुळेच माकड ‘संकटग्रस्त’, तर मॉस ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात असले, तरी हे वर्ग नामशेष होण्याची जोखीम सांगतात, संवर्धनाचा प्राधान्यक्रम नव्हे. तो ठरवताना खर्च आणि उपायाची शक्यता यांचा स्वतंत्र रकाना ठेवावा.