फँटसी फुटबॉलचा लिलाव: स्टार खेळाडूंवर किती आणि कसा खर्च करावा

२००८ च्या फेब्रुवारीत मुंबईत आयपीएलचा पहिला लिलाव झाला, तेव्हा प्रत्येक संघाला खर्चासाठी ५० लाख डॉलरांची मर्यादा होती आणि चेन्नईने त्यांतले १५ लाख डॉलर एकट्या महेंद्रसिंग धोनीसाठी मोजले. म्हणजे थैलीतला तीस टक्के पैसा एका नावावर गेला. २०२४ च्या नोव्हेंबरात जेद्दा येथे लखनौने ऋषभ पंतसाठी २७ कोटी रुपये दिले, ते १२० कोटींच्या थैलीचे साडेबावीस टक्के होते. फँटसी फुटबॉल हा अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएल या स्पर्धेवर आधारलेला खेळ: त्यात आपण खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ बांधतो आणि ते मैदानात जसे खेळतील तसे आपल्याला गुण मिळतात. त्याच्या लिलावात बसणाऱ्यापुढे हाच प्रश्न उभा राहतो. तिथे थैली बहुधा २०० डॉलरांची असते, त्यामुळे धोनीचा भाव तिथल्या हिशेबात ६० डॉलर होतो आणि पंतचा ४५. हे डॉलर खेळातलेच असतात, पण ते एकदा संपले की संपले.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी अनेकांना ऑगस्टमध्ये कचेरीतल्या सहकाऱ्यांकडून अशा लीगचे निमंत्रण येते. ज्यांनी आतापर्यंत फक्त पाळीपाळीने खेळाडू निवडण्याची पद्धत पाहिली आहे, त्यांना लिलाव प्रथम अवघड वाटतो. पाळीच्या पद्धतीत पहिला क्रमांक ज्याला लागला त्यालाच सर्वांत मोठा खेळाडू मिळतो. लिलावात मात्र प्रत्येक खेळाडू प्रत्येकाला खुला असतो आणि अडचण फक्त किमतीची असते. म्हणूनच ती किंमत लिलावाच्या आधी, शांतपणे, कागदावर ठरवणे हे या लेखातले मुख्य काम आहे.

आधी लीगचे नियम वाचावेत

संघ किती, प्रत्येक संघात खेळाडू किती, दर आठवड्याला त्यांतले किती जण प्रत्यक्ष उतरवायचे आणि गुण कसे मोजायचे, या चार गोष्टी समजल्याशिवाय कोणत्याही खेळाडूची किंमत सांगता येत नाही. पुढच्या उदाहरणांसाठी आपण १२ संघांची लीग धरू. प्रत्येक संघात १६ खेळाडू असून त्यांपैकी नऊ जण मैदानात उतरतात: एक क्वार्टरबॅक (चेंडू फेकून पास देणारा), दोन रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे), दोन वाइड रिसीव्हर (पास झेलणारे), एक टाइट एंड (पास झेलणारा आणि प्रतिस्पर्ध्यांना अडवणाराही), एक फ्लेक्स (ज्या जागी रनिंग बॅक, रिसीव्हर किंवा टाइट एंड यांपैकी कोणीही चालतो), एक किकर (चेंडूला लाथ मारून गुण मिळवणारा) आणि एक बचावफळी (एखाद्या एनएफएल संघाचा सगळा बचाव मिळून एक). उरलेले सात जण बाकावर बसतात. धावून किंवा झेल घेऊन मिळवलेल्या दर दहा यार्डांना एक गुण आणि टचडाउनला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचवण्याला) सहा गुण ही नेहमीची पद्धत आहे. काही लीगमध्ये प्रत्येक झेलाला पूर्ण किंवा अर्धा गुण मिळतो. झेलाला गुण असेल तर रिसीव्हरची किंमत वाढते, आणि जो रनिंग बॅक पासही झेलतो त्याची त्याहून अधिक वाढते.

किमतीचा हिशेब

बारा संघांचे मिळून २,४०० डॉलर आणि विकत घ्यायचे खेळाडू १९२. प्रत्येकाची किमान किंमत एक डॉलर असल्याने १९२ डॉलर आधीच बांधलेले असतात. खऱ्या अर्थाने मोकळा पैसा २,२०८ डॉलरच असतो आणि सगळी चढाओढ त्याच्यावर चालते.

आता हा मोकळा पैसा कशासाठी खर्च करायचा? खेळाडूच्या एकूण गुणांसाठी नव्हे, तर बदली खेळाडूपेक्षा तो जे जास्तीचे गुण देतो त्यांच्यासाठी. बदली खेळाडू म्हणजे त्या जागेसाठी लिलाव संपल्यावरही फुकट मिळू शकेल असा माणूस. समजा एका रिसीव्हरकडून हंगामात ३०० गुणांची अपेक्षा आहे आणि फुकट मिळणारा रिसीव्हर १५० गुण देईल, तर आपण १५० जास्तीच्या गुणांची खरेदी करत आहोत. उपयोगी पडतील अशा सर्व खेळाडूंच्या जास्तीच्या गुणांची बेरीज करावी. ती समजा ५,००० आली, तर २,२०८ भागिले ५,००० म्हणजे एका जास्तीच्या गुणाचा भाव सुमारे ४४ सेंट. मग या रिसीव्हरची किंमत १५० गुणांचे ६६ डॉलर अधिक किमान एक डॉलर अशी ६७ होते, आणि ६० जास्तीचे गुण देणाऱ्या मधल्या खेळाडूची सुमारे २७. गुणांचे अंदाज अनेक ठिकाणी तयार मिळतात, पण ते आपल्या लीगच्या गुणपद्धतीवर बसवून ही बेरीज स्वतः करावी. एका संध्याकाळचे काम आहे, आणि माझ्या मते लिलावाच्या तयारीत याहून मोलाचे दुसरे काही नाही.

या हिशेबात स्टार खेळाडूच्या बाजूची एक गोष्ट दिसत नाही. प्रत्येकी ७५ जास्तीचे गुण देणारे दोघे प्रत्येकी ३४ डॉलरांना, म्हणजे मिळून ६८ डॉलरांना येतात, आणि वरचा एकटा ६७ ला. कागदावर सौदा सारखाच. पण दोघे दोन जागा अडवतात आणि एकटा एकच अडवतो. उरलेल्या जागेवर आपण एक डॉलरचा माणूस बसवतो, आणि तो अचानक बहरण्याची शक्यता आपल्याकडे मोफत राहते. २०२३ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सचा पुका नाकुआ हा एनएफएल संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत पाचव्या फेरीत घेतलेला नवखा रिसीव्हर होता आणि लिलावांत त्याला फारसे कोणी विचारत नव्हते. त्याने १०५ झेल आणि १,४८६ यार्ड असा नवख्यांचा विक्रम केला. असा खेळाडू सापडला तर त्याला लगेच उतरवता येईल अशी जागा संघात मोकळी हवी, आणि ती मोकळी जागा स्टारवर पैसा लावणाऱ्याकडेच असते.

लीग जितकी लहान, तितके हे म्हणणे अधिक खरे. आठ किंवा दहा संघांच्या लीगमध्ये फुकट मिळणारे खेळाडूही बऱ्यापैकी असतात, म्हणून तिथे स्टारवर सढळ हाताने खर्च करावा. चौदा संघांच्या लीगमध्ये मात्र उरलेल्यांच्या यादीत काहीच शिल्लक राहत नाही, आणि तिथे एक डॉलरचा माणूस खरोखर एक डॉलरचाच निघतो. अशा लीगमध्ये पैसा पसरून लावणे शहाणपणाचे.

किती स्टार घ्यावेत

बारा संघांच्या लीगमध्ये माझे उत्तर ठाम आहे: दोन घ्यावेत, तिसरा सोडून द्यावा. ते कागदावर मांडून पाहू.

समजा एक स्टार ६२ डॉलरांना आणि दुसरा ५४ ला मिळाला. ११६ डॉलर, म्हणजे थैलीचे ५८ टक्के गेले आणि १४ जागांसाठी ८४ उरले. किकर आणि बचावफळीला एकेक डॉलर, बाकावरच्या सात जणांना मिळून १२ डॉलर. उरले ७० डॉलर आणि मैदानातल्या पाच जागा. त्यांत क्वार्टरबॅक ६ ला, टाइट एंड ८ ला आणि बाकीचे तिघे २४, १९ आणि १३ ला बसतात. हा संघ उभा राहू शकतो. एखादा जखमी झाला तरी दोन आठवडे तग धरेल.

आता याच संघाने मोहात पडून ५० डॉलरांचा तिसरा स्टार घेतला, तर ३४ डॉलरांत १३ जागा भराव्या लागतात. किकर आणि बचावफळीचे दोन, बाकावरच्या सातांचे सात डॉलर वजा केले की मैदानातल्या चार जागांसाठी २५ उरतात: क्वार्टरबॅक २, टाइट एंड ३ आणि दोघे प्रत्येकी १० डॉलरांचे. तिन्ही स्टार १७ सामने खेळले तर हा संघ सगळ्यांना मागे टाकेल. पण १७ सामने खेळणे हे या खेळात कोणाच्याच हातात नसते.

ख्रिश्चन मकॅफ्रीने २०१९ मध्ये धावून आणि झेल घेऊन, दोन्ही प्रकारे हजाराहून अधिक यार्ड मिळवले. पुढच्या हंगामात तो सर्वांत महाग रनिंग बॅक होता आणि फक्त तीन सामने खेळला. २०२३ मध्ये त्याने पुन्हा २१ टचडाउन केले, २०२४ च्या लिलावांत त्याची किंमत पुन्हा शिखरावर गेली आणि त्या वर्षी तो चार सामने खेळला. जोनाथन टेलरने २०२१ मध्ये १,८११ यार्ड धाव घेतली, त्याच्या पुढच्या वर्षी ८६१. कूपर कपने २०२१ मध्ये १,९४७ यार्डांचे झेल घेतले आणि २०२२ चा त्याचा हंगाम नवव्या सामन्यात घोटा दुखावून संपला. ही नावे घेण्याचे कारण स्टार टाळावेत असे सांगणे नव्हे. २०२४ मध्ये ज्यांनी मकॅफ्रीऐवजी त्याहून स्वस्त सॅक्वॉन बार्कली घेतला, त्यांना २,००५ यार्डांचा हंगाम मिळाला. मुद्दा एवढाच, की दोनांपैकी एक पडला तरी संघ उभा राहील अशी रचना हवी, आणि शक्यतो दोन्ही स्टार रनिंग बॅक नसावेत. दर सामन्यात वीस-पंचवीस वेळा अंगावर धडका घेणाऱ्या माणसाच्या शरीरावर थैलीचा निम्म्याहून अधिक पैसा लावणे मला पटत नाही. एक रिसीव्हर आणि एक रनिंग बॅक ही जोडी मला सर्वांत सुरक्षित वाटते.

क्वार्टरबॅकवर, एकच क्वार्टरबॅक उतरवायचा असेल तर, मोठा खर्च करू नये. बारा संघांना बाराच लागतात आणि एनएफएलमध्ये ३२ संघ आहेत. २०१८ मध्ये ५० टचडाउन पास देणारा पॅट्रिक महोम्स आणि २०१९ मध्ये धावूनच १,२०६ यार्ड मिळवणारा लमार जॅक्सन, दोघेही त्या त्या वर्षी लिलावात स्वस्तात मिळत होते. दोन क्वार्टरबॅक उतरवता येत असतील तर मात्र हे सगळे उलटते आणि पहिला स्टार तिथेच घ्यावा लागतो. टाइट एंडची गोष्ट वेगळी आहे. तिथे चांगले खेळाडू मुळातच थोडे, त्यामुळे २०२२ मधल्या ट्रॅव्हिस केल्सीसारखा (११० झेल, १,३३८ यार्ड, १२ टचडाउन) एखादा इतरांपासून फार पुढे असेल तर तो दोनांतला एक स्टार म्हणून घेणे योग्य ठरते.

लिलावाच्या खोलीत

प्रत्येक स्टारपुढे आपली कमाल किंमत लिहून ठेवावी आणि तिच्यापुढे दोन डॉलरांपेक्षा अधिक जाऊ नये. १९७१ मध्ये तीन तेल अभियंत्यांनी मेक्सिकोच्या आखातातल्या तेलपट्ट्यांच्या लिलावांविषयी लिहिताना दाखवून दिले होते, की लिलाव जिंकणारा हा बहुधा मालाची किंमत सर्वांत जास्त फुगवून धरणारा असतो, म्हणून जिंकूनही तोट्यात जातो. फँटसीतही हे घडते, पण सर्वांत वरच्या नावांबाबत कमी घडते, कारण त्यांच्याविषयी सगळ्यांचे अंदाज जवळपास सारखे असतात. खरा धोका २० ते ३५ डॉलरांच्या पट्ट्यात असतो. तिथे उन्हाळ्यातल्या सरावशिबिराची एखादी बातमी वाचून दोघे जण हट्टाला पेटतात.

एकाच तोडीच्या खेळाडूंचे गट पाडावेत आणि गटातला शेवटचा खेळाडू उरेपर्यंत थांबू नये. समान तोडीचे पाच रिसीव्हर असतील तर पहिल्या दोघांवर लोक सावधपणे बोली लावतात. पाचवा पुकारला जातो तेव्हा ज्यांना कोणीच मिळालेला नसतो ते सगळे एकदम हात वर करतात.

नाव पुकारण्याची आपली पाळी आली की सुरुवातीला आपल्याला नको असलेला महाग खेळाडू पुकारावा, म्हणजे इतरांचे पैसे खर्च होतात. नको असलेल्याची किंमत वाढवण्यासाठी मात्र स्वतः बोली लावू नये, कारण तो कधी ना कधी गळ्यात पडतोच. प्रत्येकाकडे किती उरले याची नोंद शेजारी ठेवावी. कोणाचीही कमाल बोली म्हणजे त्याच्याजवळचा पैसा वजा, हा खेळाडू घेतल्यावर रिकाम्या राहणाऱ्या जागा. वरच्या उदाहरणात दोन स्टार घेतल्यावर ८४ डॉलर आणि १४ जागा उरल्या, म्हणजे आपली कमाल बोली ७१. हे आकडे समोर असले की कोण अजून लढू शकतो आणि कोण फक्त आव आणतो आहे, ते कळते.

मागच्या वर्षीचे काही खेळाडू जुन्या किमतीत राखता येतात अशा लीगमध्ये स्टारचे भाव वाढतात, आणि ही वाढही मोजता येते. समजा ६०० डॉलर मोलाचे खेळाडू मिळून ३०० डॉलरांत राखले गेले. मग २,१०० डॉलर उरतात, पण विकायला माल १,८०० चाच. प्रत्येक किमतीला २,१०० भागिले १,८०० ने गुणावे: ६० चा स्टार आता ७० चा झाला. ज्यांना हे माहीत नसते ते ६२ वर थांबतात आणि शेवटी हातात पैसा धरून बसतात.

शेवटच्या फेऱ्यांत किकर आणि बचावफळी एकेक डॉलरला उचलावी, आणि आपला एक स्टार रनिंग बॅक असेल तर बाकावरची एक जागा त्याच्याच संघातल्या राखीव माणसासाठी धरून ठेवावी. २०२४ च्या पहिल्या सामन्यात मकॅफ्री उतरला नाही, हे सामना सुरू होण्यापूर्वी जेमतेम दीड तास आधी कळले. त्याच्या जागी जॉर्डन मेसन २८ वेळा चेंडू घेऊन १४७ यार्ड धावला.