होमबिल्ट विमानाच्या टाकीत पेट्रोल किती आहे ते नक्की कसं बघायचं

होमबिल्ट म्हणजे आपणच बांधलेलं विमान, त्यात टाकी आपण बनवलेली असते म्हणून तिचं माप पण आपणच काढायचं. सेम मॉडेलच्या दुसऱ्या विमानाची डिपस्टिक (टाकीत बुडवून पेट्रोल बघायची खुणांची काठी) आणून वापरू नका प्लीज, टाकी जराशी वेगळी बसली तरी आकडे चुकतात.

आधी टाकी पूर्ण रिकामी करा, मग इंजिनपर्यंत पोचतच नाही तेवढं तळाचं पेट्रोल टाका आणि ते शून्य धरा. त्यानंतर मोजून ५-५ लिटर ओतत जा आणि दरवेळी काठीवर खूण करा. मार्करने नको, पेट्रोलमध्ये शाई जाते, चाकूने खाच पाडा. टेलड्रॅगर (जमिनीवर शेपटी टेकून उभं राहणारं विमान) असेल तर हे दोनदा करावं लागतं, शेपटी जमिनीवर असताना डिपस्टिकसाठी आणि शेपटी स्टँडवर उचलून विमान उडताना असतं तसं ठेवून कॉकपिटमधल्या गेजसाठी. कंटाळवाणं काम आहे पण हे टाळू नकाच. ओतताना टाकी आणि कॅन वायरने जोडून घ्या, स्टॅटिकची ठिणगी पडायला नको.

पंखातल्या टाकीचं झाकण बाहेरच्या टोकाला असेल आणि पंख वर चढता असेल तर काठी कोरडी निघते तरी आतल्या बाजूला पेट्रोल असतं, तेव्हा किती उरलेलं असतं ते मोजताना लिहून ठेवा.

गेजमध्ये मला सगळ्यात भरवशाची वाटते ती साइट ट्यूब, म्हणजे टाकीला जोडलेली पारदर्शक नळी, वायर नाही सेन्सर नाही. फक्त नळीचं वरचं टोक टाकीच्या वरच्या हवेच्या जागेत जोडलेलं पाहिजे नाहीतर लेव्हल खोटी दिसते. मागे तिरप्या रेघांचा कागद लावा, पेट्रोल आहे तिथपर्यंत रेघा उलट्या बाजूला झुकलेल्या दिसतात, एका नजरेत कळतं. नळी पिवळी किंवा कडक झाली की बदला.

फ्लोट गेजमधला पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट अडकू शकतो. कपॅसिटिव्ह प्रोब (विजेच्या साहाय्याने पेट्रोलची लेव्हल मोजणारी टाकीतली दांडी) छान असतो पण इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर जास्त दाखवतो, म्हणून जे इंधन वापरणार त्यावरच कॅलिब्रेट करा, म्हणजे आकडे जुळवून घ्या.

फ्युएल फ्लो मीटर (इंजिनकडे जाणारं पेट्रोल मोजणारा) खूप अचूक असतो पण त्याला टाकी दिसत नाही, तुम्ही भरलेल्या आकड्यातून तो फक्त वजा करत जातो. झाकण नीट बसलं नसेल तर हवा पेट्रोल वरूनच ओढून नेते आणि मीटरला पत्ताही लागत नाही. त्यामुळे उडण्याआधी काठी, हवेत गेज आणि घड्याळ (किती वेळ उडालो ते), आणि परत भरताना किती लिटर बसलं ते गेजच्या आकड्याशी ताडून बघा. फरक दरवेळी वाढतोय असं दिसलं तर आधी तो शोधा, मगच पुढची फ्लाइट.