थ्री नॉट थ्री घ्यायची, पण कोणती?

एनसीसीच्या परेडला जी खांद्यावर घेऊन उन्हात ताटकळलो, ती थ्री नॉट थ्री म्हणजे ली-एनफील्ड. नोव्हेंबर २००८ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांच्या हातात होती तीही हीच. भारतात ती सामान्य माणसाला मिळत नाही. .३०३ हा बोअर, म्हणजे नळीचं माप, प्रतिबंधित आहे, परवान्यावर मिळते ती .३१५ ची. पण अमेरिकेत किंवा कॅनडात राहत असाल, तर तिथल्या कायद्यात बसवून ती रीतसर घेता येते. आणि मग गन शोच्या टेबलावर एकसारख्या दिसणाऱ्या चार रायफली समोर आल्या की डोकं चालेनासं होतं.

आधी एक ठरवा: भिंतीवर टांगायची की रेंजवर न्यायची? दोन्ही करायचं म्हणाल, तर रेंजच्या हिशेबानेच निवडा. भिंतीला कुठलीही चालते.

आता नावं. बोथट नाकाची, नळी जवळजवळ टोकापर्यंत लाकडात झाकलेली ती नंबर १ मार्क ३. ही १९०७ ची, पहिल्या महायुद्धातली. दिसायला सगळ्यांत देखणी. अडचण बॅकसाइटची, म्हणजे नेम धरायच्या मागच्या खुणेची. ती नळीवर, डोळ्यापासून लांब, आणि खाच उघडी. चाळिशीचा चष्मा लागलेल्याने ही खुशाल सोडून द्यावी. दुसऱ्या महायुद्धातली नंबर ४ ओळखायला सोपी, कारण नळीचं टोक लाकडाबाहेर डोकावतं. हिची बॅकसाइट मागे, डोळ्याजवळ, बारीक भोकाची. नळीही जाडसर. नेम धरणं किती सोपं होतं ते एकदा खांद्याला लावूनच कळेल. माझं मत विचाराल तर पहिली रायफल नंबर ४ च घ्या. तीतही मार्क २ मिळाली तर उत्तम. युद्धानंतरच्या या रायफलीत ट्रिगर लाकडाखालच्या गार्डला न लटकवता थेट रिसीव्हरला, म्हणजे रायफलीच्या मुख्य पोलादी सांगाड्याला, जोडलाय, त्यामुळे लाकूड फुगलं-आकसलं तरी ट्रिगरची ओढ बदलत नाही.

नंबर ४ चीच मार्क १ स्टार ही अमेरिकेत आणि कॅनडात बनलेली. अमेरिकेतल्या रायफलींवर ‘यू. एस. प्रॉपर्टी’ असा शिक्का असतो, तो बघून लोक उगाच हरखतात. हिच्यात बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) काढण्यासाठी, तो जिच्यावरून सरकतो त्या उजव्या पट्टीत पुढे एक खाच कापलेली आहे. त्या खाचेची कड तुटकी असेल तर बोल्टचं डोकं पट्टीवरून निसटतं. टॉर्च मारून ती कड बघितल्याशिवाय पैसे काढू नका.

जंगल कार्बाइन, म्हणजे नंबर ५, सगळ्यांना हवी असते. आखूड, सुमारे सव्वातीन किलो, टोकाला नरसाळ्यासारखा, गोळीचा झोत झाकणारा फ्लॅश हायडर. १९४४ ते १९४७ एवढाच काळ बनली, म्हणून महाग, आणि म्हणूनच नकलाही भरपूर. मीही फसलोय. घरी आणून लाकूड उतरवलं तर खाली नंबर ४ ची नळी कापून बसवलेली! अस्सल असेल तर बोल्टच्या मुठीचा गोळा आतून पोकळ असतो आणि नळीच्या मागच्या जाड भागावर वजन कमी करायला खोबणी कोरलेल्या असतात. विकणारा लाकूड उतरवू देत नसेल तर पुढच्या टेबलाकडे चला. शिवाय अस्सलचाही धक्का दणदणीत. मागचं रबर अरुंद, आणि एव्हाना दगड झालेलं.

मनाला भुरळ घालते ती इशापूरची. कोलकात्याजवळच्या या कारखान्याने नंबर १ तर बनवलीच, पण १९६२ च्या चीन युद्धानंतर तोच साचा ठेवून ७.६२ नाटो काडतुसाची २ए आणि २ए१ काढली. खालचं मॅगझिन चौकोनी, बारा गोळ्यांचं. जुनी .३०३ छिलून केलेली आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ती नव्याने, अधिक मजबूत पोलादाची घडवलेली आहे. काडतूस मात्र नाटो दाबाचंच वापरा. बाजारातली .३०८ विंचेस्टर दिसायला जुळी असली तरी तिचा दाब जास्त असू शकतो.

प्रकार ठरला की हात लावायचा. मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, करंगळी घालून रिकामं आहे याची खात्री करा. मग बोल्ट पूर्ण बाहेर काढून नळी उजेडाकडे धरा. पिळाच्या खाचा धारदार दिसायला हव्यात. थोडा काळपटपणा चालेल, खड्डे नकोत. युद्धकाळातल्या काही नळ्यांत पाचऐवजी दोनच खाचा असतात, तो दोष नव्हे. बोल्टचा आणि रिसीव्हरचा नंबर जुळतो का पाहा. नंबर ४ च्या बोल्टच्या डोक्यावर ० ते ३ यांपैकी आकडा असतो. ३ आधीच बसवलेला असेल तर हेडस्पेस, म्हणजे बोल्ट आणि काडतूस यांच्यातली मोकळी जागा, वाढलं की बसवायला त्यापुढचा आकडाच उरत नाही. नंबर १ ला हे आकडे नाहीत, तिथे हेडस्पेस मोजायचं गेज लावूनच कळतं. गेज नसेल तर गनस्मिथकडे न्या, त्याच्या आधी एकही गोळी उडवू नका.

आणि ‘डीपी’ अशी अक्षरं दिसली की रायफल खाली ठेवा. ती फक्त कवायतीसाठी काढलेली असते. आपल्या परेडच्या तशाच होत्या.

शेवटी काडतुसं. लष्कराच्या जुन्या शिल्लक मालाच्या पेटीत बुडावर ‘के एफ’ असलेली सापडली तर ती आपल्या खडकीच्या कारखान्याची. पुणेकर असाल तर एखादं जपून ठेवावंसं वाटेलच. असल्या जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीत, नळी गंजवणारे क्षार असतात. नुसत्या तेलाने ते जात नाहीत. त्याच संध्याकाळी नळीतून उकळतं पाणी सोडा, कोरड्या चिंध्या फिरवा आणि मग तेल. बटच्या पितळी झाकणामागे बघा. नशीब असेल तर तेलाची कुपी आणि नळी पुसायला आतून ओढायची दोरी अजून तिथेच असेल.