विज्ञानकथा स्पिन-ऑफसाठी मुलांची पात्रे कशी निवडावीत

निर्मितिसंस्थेकडून कास्टिंगचा कागद हाती येतो, तेव्हा त्यावर बहुधा एवढेच लिहिलेले असते: चार मुले, वय बारा ते सतरा, चुणचुणीत, मराठी स्वच्छ. मूळ मालिका गाजलेली असते, तिच्यातील एखादे पात्र घेऊन तरुण प्रेक्षकांसाठी नवी स्पिन-ऑफ मालिका काढायची असते आणि महिनाभरात नावे पक्की करायची असतात. अंधेरीच्या आरामनगरात अनेक वर्षे मुलांच्या ऑडिशन घेतल्यानंतर माझी पहिली सूचना अशी आहे की, त्या कागदावरील ‘चुणचुणीत’ हा शब्द आधी खोडावा. कौटुंबिक मालिकेत चटपटीत बोलणारे मूल प्रसंग तारून नेते. विज्ञानकथेत मात्र अर्धा वेळ त्याच्यासमोर हिरवा पडदा असतो, यान नसते, परग्रहवासी नसतो आणि जे समोर नाही ते प्रेक्षकाला त्या मुलाच्या डोळ्यांतूनच पटावे लागते. म्हणून बोलणाऱ्यापेक्षा ऐकणारे, लक्ष एका जागी ठेवू शकणारे मूल शोधायचे आहे.

ऑडिशनची तारीख ठरवण्यापूर्वी लेखकांसोबत बसून एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी: नवी पात्रे मूळ मालिकेशी कोणत्या नात्याने जोडलेली आहेत? मूळ नायिकेचे बालपण दाखवायचे असेल, तर सर्वांचा कल चेहरेपट्टी जुळवण्याकडे जातो. नाक-डोळे जुळले तर चांगलेच, पण प्रेक्षक माणूस ओळखतो तो लकबीवरून. मूळ भूमिका करणाऱ्या कलाकाराकडे तासभर वेळ मागावा आणि त्यांच्याशी गप्पा मारताना टिपण करावे की, उत्तर टाळायचे असेल तेव्हा त्या कुठे पाहतात, हसू आधी डोळ्यांत येते की ओठांवर, विचार करताना हात कुठे जातो. यातील एकच लकब मुलीला द्यावी आणि मूळ मालिकेचे भाग तिला मुद्दाम दाखवू नयेत, कारण भाग पाहून आलेले मूल नक्कल करते आणि नक्कल तिसऱ्या प्रसंगापर्यंतही टिकत नाही. नवे पात्र जुन्या पात्राचा मुलगा किंवा मुलगी असेल, तर चेहऱ्याइतकीच घरातली भाषा जुळली पाहिजे. आईच्या बोलण्यात मालवणी हेल असेल, तर परळमध्ये वाढलेल्या मुलाच्या बोलण्यात त्याची पुसट खूण राहतेच. मुले पूर्णपणे नवी असतील, तर तुम्हाला सर्वांत जास्त मोकळीक आहे आणि ती वापरावी.

यानंतर वयाचा हिशेब येतो. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ची मुख्य कथा १९८३ ते १९८७ अशी चार वर्षांची आहे, पण ती मालिका प्रदर्शित होत राहिली २०१६ ते २०२५. कथेतील मुले चार वर्षांनी मोठी झाली आणि ती साकारणारी नऊ वर्षांनी. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेची ‘द सारा जेन ॲडव्हेंचर्स’ ही शाखा २००७ मध्ये सुरू झाली. तिच्यात मारिया या मुलीची भूमिका करणाऱ्या यास्मिन पेज यांनी दुसऱ्या पर्वाच्या सुरुवातीलाच शालान्त परीक्षेच्या अभ्यासासाठी मालिका सोडली आणि लेखकांना मारियाला वडिलांबरोबर अमेरिकेला पाठवावे लागले. आपल्याकडे हाच प्रश्न दहावी-बारावीच्या रूपाने येतो. बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात आणि अनेक पालक त्याआधीचे पूर्ण वर्ष मुलाला कशातही गुंतवू इच्छित नाहीत, जे योग्यच आहे. म्हणून प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याचे आजचे वय लिहिण्याऐवजी, दुसऱ्या पर्वाचे चित्रीकरण होईल तेव्हा ते कोणत्या इयत्तेत असेल, हे लिहावे.

शरीर कॅलेंडरची वाट पाहत नाही, हे मी चूक करून शिकले. एका मालिकेसाठी एप्रिलमध्ये मी बारा वर्षांचा एक मुलगा निवडला आणि चित्रीकरण दिवाळीनंतर सुरू झाले, तोपर्यंत त्याचा आवाज फुटला होता. त्याच्या नाजूक आवाजावर बेतलेले दोन प्रसंग पुन्हा लिहावे लागले आणि आपलेच काहीतरी चुकले, असे त्या मुलाला वाटत राहिले, याची खंत मला आजही आहे. तेव्हापासून साडेअकरा ते चौदा या वयातील मुलांच्या बाबतीत मी आई-वडिलांना घरातील मोठ्या भावंडांच्या वाढीविषयी विचारते आणि नाव लॉक, म्हणजे पक्के, केल्यानंतर दर महिन्याला मुलाला भेटते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांचे दुधाचे दात आणि तेरा-चौदाच्या मुलांच्या दातांना लावलेल्या तारा यांचीही आधीच नोंद करावी. कंटिन्युइटी, म्हणजे एका दृश्यापासून दुसऱ्या दृश्यापर्यंतचा सारखेपणा, सांभाळणाऱ्यांचे अनेक तास त्यामुळे वाचतात.

कायदा वयाच्या या हिशेबाला थेट जोडलेला आहे. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांनी चौदा वर्षांखालील बालकलाकारांच्या कामाच्या अटी ठरवल्या. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, दर पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती, शिक्षणात खंड पडू नये म्हणून सोय, आणि मानधनातील किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. मुलाच्या इच्छेविरुद्ध काम करून घेता येत नाही, हेही त्या नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे. चित्रीकरण ज्या जिल्ह्यात होणार, तेथील जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि मुंबईच्या परिसरात ही बाब सहज नजरेतून सुटते: गोरेगावची चित्रनगरी मुंबई उपनगर जिल्ह्यात आहे, मीरा रोडचा सेट ठाणे जिल्ह्यात आणि नायगावचा पालघर जिल्ह्यात. बारा तासांच्या शिफ्टची सवय असलेल्या युनिटला पाच तासांची मुले चार असली, तर वेळापत्रक जमत नाही. म्हणून चार पात्रांपैकी चौदाच्या आतली दोनच ठेवावीत आणि सोळा-सतरा वर्षांच्या भूमिकांसाठी अठरा-एकोणीस वर्षांचे कलाकार पाहावेत, असा माझा आग्रह असतो. मात्र बारा वर्षांच्या भूमिकेत वीस वर्षांचा कलाकार बसवून, खऱ्या बारा वर्षांच्या मुलाशेजारी त्याला उभे करू नये. ते खोटे पहिल्याच चौकटीत उघडे पडते.

मुले कुठे शोधायची? को-ऑर्डिनेटरकडून, म्हणजे कलाकार पुरवणाऱ्या मध्यस्थाकडून, येणाऱ्या प्रोफाइलमध्ये तीच ती वीस-पंचवीस मुले पुन्हा पुन्हा दिसतात, त्यामुळे ती पाहून झाल्यावर आरामनगराबाहेर पडावे. मुंबईत मराठी बालरंगभूमीची जुनी परंपरा आहे; सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ सुरू केले, तेव्हापासून इथे मुलांसाठी गांभीर्याने नाटक होत आले आहे. राज्य बालनाट्य स्पर्धेच्या फेऱ्या आणि मे महिन्यातील नाट्यशिबिरे यांना मी न चुकता जाते. अठरा-एकोणीसच्या कलाकारांसाठी रुइया, रुपारेल, कीर्ती, डहाणूकर या महाविद्यालयांच्या एकांकिका आणि त्यांच्या तालमी पाहाव्यात. तालीम अधिक मोलाची, कारण तिथे आपला संवाद नसताना मूल काय करते, हे दिसते. अशा मालिकेसाठी मी आणखी एक जागा सुचवेन, ती म्हणजे शाळांची विज्ञान प्रदर्शने. परीक्षकांसमोर पाठ केलेले घडाघडा म्हणणाऱ्या मुलाकडे पाहू नका. परीक्षक पुढे गेल्यावर बिघडलेल्या प्रतिकृतीची वायर खाली वाकून पुन्हा जोडणारी मुलगी पाहा. ओठ घट्ट मिटून ती ज्या नजरेने त्या वायरकडे पाहते, तीच नजर आपल्याला हवी आहे.

प्रत्येक ठिकाणाहून आलेल्या मुलाबरोबर एखादी सवयही येते आणि ती दोष मानण्याऐवजी ओळखून ठेवावी. नाटकातील मूल शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकते; त्याला एक हात अंतरावर बसवून कानात गुपित सांगितल्यासारखे बोलायला लावले की ते पंधरा मिनिटांत बदलते. वक्तृत्व स्पर्धेतून आलेल्या मुलाचा हेल आणि ठरलेले हातवारे जायला अधिक वेळ लागतो. सर्वांत चिवट सवय मालिकांमधून लाडिक बोबडे बोलायला शिकलेल्या मुलाची असते आणि ती दुसऱ्या फेरीतही गेली नाही, तर मी त्या मुलाला दुसऱ्या कामासाठी सुचवते.

आता प्रत्यक्ष ऑडिशन. शाळा सुटल्यावर दमलेल्या मुलाला डोंबिवली किंवा विरारहून गर्दीच्या लोकलने बोलावू नये; शनिवार-रविवारची सकाळ ठेवावी आणि प्रत्येकाला वेगळी वेळ द्यावी, म्हणजे बाहेर साठ मुलांची रांग लागत नाही. मालिकेतील खरा प्रसंग पहिल्या फेरीत देऊ नये. कथा बाहेर फुटते हे एक कारण, पण मोठे कारण असे की मुले तो प्रसंग घरून बसवून आणतात. मी आधी संवाद देतच नाही. खोलीच्या मध्यभागी स्टुलावर स्टीलचा जेवणाचा डबा ठेवते आणि सांगते की यात काहीतरी जिवंत आहे, ते श्वास घेते आहे, तू फक्त ऐक. काय आहे ते मला सांगू नकोस. मग दोन मिनिटे कॅमेरा चालू ठेवते. बहुतेक मुले लगेच घाबरल्याचा चेहरा करतात आणि माझ्याकडे पाहतात. काही मुले डब्याकडे झुकतात, स्वतःचा श्वास नकळत मंद करतात आणि माझा विसर पडल्यासारखी राहतात. त्यांना मी थांबवून घेते.

दुसऱ्या पायरीत डबा उचलून घेते आणि सांगते की आतले ते आता बाहेर आले असून भिंतीवर खिडकीच्या वर बसले आहे. इथे पाहायचे ते नजरेचे अंतर. भिंत दहा फुटांवर असताना मुलाची नजर दोन फुटांवर हवेत लटकत असेल, तर क्रोमासमोर, म्हणजे हिरव्या पडद्यासमोर, ती तशीच लटकेल आणि नंतर कितीही चांगले ग्राफिक्स घातले, तरी मूल त्या प्राण्याकडे पाहत नाही, असेच दिसेल. तिसऱ्या पायरीत ते भिंतीवरून हळूहळू दारापर्यंत चालत जाते आणि मुलाने डोके न हलवता केवळ डोळ्यांनी त्याचा पाठलाग करायचा असतो. शेवटी मुलाला विचारते की ते कसे होते, केवढे होते, त्याला वास होता का, आणि मिळालेले उत्तर त्याच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवते. एका मुलीने मला सांगितले होते की त्याला वास नव्हता, पण ते जिथून गेले तिथली भिंत ओली वाटत होती. तिला मी त्या दिवशी आणखी काही करायला लावले नाही.

संवादाची फेरी त्यानंतर. कृष्णविवर, गुरुत्वलहरी, प्रतिकण असे शब्द मुलांच्या तोंडी येणार असतील, तर त्या शब्दांचा अर्थ आधी मुलांना समजावून सांगावा आणि मग तोच आपल्या आजीला समजावून सांगायला लावावे. आजीला सांगताना मुलाची भाषा सुटी होते, उदाहरणे स्वयंपाकघरातली येतात आणि शब्द पाठांतराचा राहत नाही. यानंतर लिहिलेला संवाद दिला, की तो त्याच सहजतेने बोलला जातो का, एवढेच तपासायचे. सर्वज्ञ बालवैज्ञानिक हे पात्र या प्रकारच्या मालिकांत वारंवार येते आणि प्रेक्षकांना लवकर कंटाळवाणे होते. ‘मला माहीत नाही’ हे वाक्य लाज न वाटता उच्चारू शकणारे मूल त्या भूमिकेसाठी निवडले, तर ते पात्र वाचते.

चार उत्तम मुले म्हणजे उत्तम चौकडी नव्हे. अंतिम यादीतील आठ-दहा मुलांना एका दिवशी बोलावून त्यांच्या वेगवेगळ्या जोड्या आणि चौकड्या करून पाहाव्यात. डब्याचा तोच प्रयोग चौघांना एकत्र द्यावा आणि नंतर प्रत्येकाला वेगळे बोलावून त्या प्राण्याचा आकार विचारावा. एकमेकांकडे लक्ष देणाऱ्या मुलांची उत्तरे आश्चर्य वाटावे इतकी जवळची येतात, कारण त्यांनी एकमेकांच्या नजरेवरून तो आकार ठरवलेला असतो. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यात कोण कोणाला सामावून घेते आणि कोण एकटे पडते, हेही दुरून पाहावे. आवाजांची पट्टी आणि उंची एकमेकांपासून वेगळी असावी, आणि वरळी कोळीवाड्यातील मुलाची बोली गिरगावातील मुलीच्या बोलीसारखी घोटून काढू नये.

लूक टेस्टच्या, म्हणजे वेशभूषा-रंगभूषेच्या चाचणीच्या, दिवशी हेल्मेट घालून मुलाला पाच मिनिटे बसवावे, कारण काहींना कोंडल्यासारखे होते आणि ते सेटवर पहिल्यांदा कळणे योग्य नाही. दमा असेल तर धुराचे यंत्र वापरता येणार नाही. चेहऱ्यावर काही चिकटवायचे असेल, तर त्वचेची चाचणी डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी करावी.

पालकांशी वेगळी बैठक घ्यावी आणि सेटवर रोज सोबत कोण येणार, हे नावानिशी ठरवावे. मुलाला स्वतःला हे काम करायचे आहे का, हा प्रश्न पालक ऐकू येणार नाही अशा पण दिसतील अशा अंतरावर असताना, दार उघडे ठेवून आणि दोन प्रौढांच्या उपस्थितीत विचारावा. ऑडिशनची चित्रफीत कोणत्याही ग्रुपवर फिरू देऊ नये. पालकांकडून नोंदणीच्या किंवा पोर्टफोलिओच्या नावाखाली एक रुपयाही घेऊ नये आणि कोणी तसे मागितले तर त्यांनी तिथून निघावे, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे.

नावे लॉक झाल्यावर अंतिम यादीतील उरलेल्या मुलांना त्याच दिवशी कळवावे. आठवडाभर फोनची वाट पाहायला लावणे हे मुलांच्या बाबतीत क्रूर आहे. हे फोन मी सहायकावर सोपवत नाही. पालकांशी बोलून झाले की फोन मुलाकडे द्यायला सांगते, माझी वही उघडते आणि डब्यात त्याला काय दिसले होते ते त्याचेच शब्द त्याला वाचून दाखवते.