आधी मागचं डेक बघा, मग केबिन

नागपुरातून बोटींच्या डिझाइनकडे वळू पाहणारी पोरं अधूनमधून भेटायला येतात. बहुतेकांच्या मोबाइलमध्ये साधारण एकच चित्र असतं. पुढे केबिन, आत गादी, टॉयलेट, छोटा ओटा, मागे बैठक आणि छतावर रॉड खोचायच्या नळ्या. "दादा, एकाच बोटीत फिशिंगही होते आन् घरच्यांना फिरवताही येते." चित्रात होतं बाप्पा सगळं. मीही असल्याच चित्रावर भाळून या कामात शिरलो होतो, आणि अजूनही नवा नकाशा हातात आला की पोटात थोडी कालवाकालव होतेच.

बोटींचे प्रकार आणि त्यांवर माझं मत थोडक्यात सांगतो. सेंटर कन्सोलवर, म्हणजे सुकाणू मधोमध आणि भोवती मोकळं डेक असलेल्या बोटीवर, मासा जिकडे पळेल तिकडे रॉड घेऊन जाता येतं, पण उन्हात आणि शिंतोड्यांत घरची माणसं लवकर कंटाळतात. वॉकअराउंडमध्ये छोट्या केबिनच्या कडेने वाट असते. त्या वाटेवर बूट घातलेला पाय सरळ पडत नसेल तर ती नावापुरतीच समजा. एक्सप्रेसमध्ये केबिन ऐसपैस, मात्र नाळीकडे, म्हणजे बोटीच्या नाकाकडे, जाऊन गळ टाकणं विसरा. तलावावर किंवा खाडीत कुटुंब फिरवायला ड्युअल कन्सोल, म्हणजे दोन बाजूंना दोन कन्सोल आणि मधून वाट असलेली बोट, झकास. चाळीस-पन्नास फुटांच्या फ्लायब्रिजवाल्या, म्हणजे केबिनच्या छतावरूनही चालवता येणाऱ्या, कन्व्हर्टिबलमध्ये दोन्ही कामं खरोखर जमतात, कारण तिथे जागा असते. तेवीस-चोवीस फुटांत ती नसते आणि तुमच्याकडे येणारं गिऱ्हाईक बहुतेक तेवीस-चोवीस फुटांचंच असतं.

म्हणून गिऱ्हाइकाला "काय काय हवं?" असं विचारूच नका. तो यादी देतो आणि आपण ती यादी कागदावर कोंबत बसतो. त्याला विचारा, बोट पाण्यावर थांबलेली असताना कोण कुठे उभं असेल? मासेमारीत उत्तर जवळजवळ नेहमी एकच येतं, मागच्या डेकवर. मासा लागला की सगळे तिकडे धावतात. तिथे काठ मांडीच्या मध्यापर्यंत यायला हवा. तो गुडघ्याशी संपला तर जड सुरमई ओढताना माणूस बाहेर झुकतो आणि तोल जातो. काठाखाली पायाचे पंजे सरकायला चार बोटं जागा लागते. दोरी अडकेल असा एकही हुक, कडी, कप ठेवायचं भोक काठावर नको. फिरायला निघालेल्या घराला मात्र हव्या असतात सावली, पाठ टेकायला जागा आणि दार लागणारं टॉयलेट. हे सगळं पुढे सरकतं. दोन गरजा बोटीच्या दोन टोकांना ओढतात, आणि खरा घोळ तिथेच आहे.

आता यातला मोठा सापळा. यावर जरा जास्त बोलणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

माहितीपत्रकात "सेल्फ-बेलिंग डेक" असं ठळक छापलेलं असतं. डेकवर आलेलं पाणी मागच्या भोकांतून, म्हणजे स्कपरमधून, आपोआप बाहेर जातं. यात पंप वगैरे काही नाही. डेक बाहेरच्या पाण्यापेक्षा उंच आहे म्हणून पाणी उतारावरून जातं, बस. अनेकदा ही उंची जेमतेम पाच-सात सेंटीमीटर असते, आणि नकाशावर पाण्याची रेघ (बोट कुठवर बुडते ती) बऱ्याचदा रिकाम्या बोटीची मारलेली असते.

आता हिशेब करा. पाण्याच्या रेघेवर साडेसहा मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद अशी बोट घ्या. तिचं पाण्यावर टेकलेलं क्षेत्रफळ साधारण साडेदहा-अकरा चौरस मीटर भरतं. म्हणजे दर शंभर-एकशेदहा किलोला बोट एक सेंटीमीटर खाली बसते. मागे तीन माणसं उभी राहिली, २४० किलो. जिवंत आमिषाची १८० लिटरची टाकी भरली, १८० किलो. बर्फाची पेटी ८० किलो. झाले ५०० किलो. नवखा माणूस म्हणतो, साडेचार-पाच सेंटीमीटर, चालतंय की! पण हे वजन बोटीभर पसरलेलं नाही. ते मध्यापासून अडीच मीटर मागे आहे, त्यामुळे बोट नाक वर करते आणि शेपूट बुडवते. अशा बोटीचं मागचं टोक पंधरा सेंटीमीटरच्या आसपास खाली जाऊ शकतं. स्कपर पाण्याखाली जातात आणि ज्या भोकातून पाणी बाहेर जायचं, त्यातूनच ते आत येतं.

मी मांडलेल्या पहिल्या लेआउटमध्ये नेमकं हेच झालं. मालक दोन मित्रांसह मागे उभा राहिला आणि तिघांचे मोजे भिजले. बुडण्यासारखं काही नव्हतं, पण त्याची नजर मी विसरलेलो नाही.

यात इंजिनाची भर पडते. १५० एचपीचा एक फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं इंजिन, दोनशे किलोच्या वर जातो. एका इंजिनासाठी आखलेल्या बोटीला हौसेने दोन लावली की टाकी भरण्याआधीच तुम्ही उंचीची सगळी शिल्लक खर्च केलेली असते.

"पुढे केबिन आहे ना, ती तोल सांभाळते," असं कोणीतरी म्हणतंच. अर्धं खरं आहे. केबिनचं वजन मासेमारीच्या वेळी उपयोगी पडतं. पण रविवारी तीच बोट फिरायला निघाली, आमिषाची टाकी रिकामी, बायका-पोरं पुढे केबिनमध्ये, की नाक खाली जातं. मग लाटेत नाळ रुतते, सुकाणू हातात राहत नाही आणि बोट भरकटल्यासारखी चालते. म्हणून दोन्ही अवस्थांचा हिशेब वेगवेगळा मांडा. इंधनाची टाकी शक्यतो मध्याजवळ ठेवा, म्हणजे ती भरली काय न् रिकामी झाली काय, बोटीचा कल फार बदलत नाही. आमिषाची टाकी अर्धी भरून कधीच चालवू नका. अर्ध्या टाकीतलं पाणी बोटीच्या प्रत्येक झोक्याबरोबर त्याच बाजूला धावतं.

आणि तो जुना शॉर्टकट: "स्कपरला बूच मारा." असं सांगणाऱ्याला नमस्कार करून उठा. बूच मारलेली बोट पावसात उभी राहिली, सहा चौरस मीटर डेकवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ३०० लिटर पाणी आत साठतं. म्हणजे ३०० किलो, तेही नेमकं मागे.

युरोपातल्या नियमांप्रमाणे बोटीवर ए, बी, सी, डी अशी श्रेणी लिहिलेली असते. सी म्हणजे बोफोर्ट या वाऱ्याच्या मापावर वारा ६ आणि २ मीटरपर्यंत लाटा, बी म्हणजे वारा ८ आणि ४ मीटरपर्यंत. पाटी वाचताना अक्षराशी थांबू नका, त्यापुढचा माणसांचा आकडाही वाचा. एकच बोट कमी माणसांना बी आणि जास्त माणसांना सी असू शकते. म्हणजे बोट तीच, तिच्यात किती वजन चढलं यावर तिची लायकी ठरते.

नागपुरात समुद्र नाही याचं दुःख करत बसू नका. हे सगळं तपासायला रामटेकजवळचं खिंडसीसारखं शांत पाणी उलट बरं पडतं. बोटमालकाची परवानगी घ्या, वीस लिटरच्या पाण्याच्या भरलेल्या कॅन मागे रचत जा आणि दर दोन कॅननंतर स्कपरपासून पाण्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजून वहीत लिहा. गोड्या पाण्यात बोट समुद्रापेक्षा किंचित जास्त बुडते, तेवढं ध्यानात ठेवा. तोतलाडोहकडे मात्र गळ घेऊन जाऊ नका. तो पेंचच्या जंगलातला भाग आहे, मासेमारीला बंदी आहे.

दुसरा अभ्यास घराच्या गच्चीवर होतो. खडूने पूर्ण मापात डेक आखा, कन्सोलच्या जागी खोका ठेवा आणि दोघे-तिघे हातात बांबू घेऊन एकमेकांना ओलांडून दाखवा. मे महिन्यात पहाटेच करा, नाहीतर तळपाय भाजतील. कॉम्प्युटरवर ऐसपैस वाटणारी वाट बांबू हातात आला की कमरेला घासते.

शिक्षणाचं थोडक्यात सांगतो. बी.टेक.च करायचं असेल तर खरगपूर आणि मद्रासच्या आयआयटी, कोचीचं कुसॅट (कोचीन युनिव्हर्सिटी), इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीचा विशाखापट्टणम कॅम्पस हे रस्ते आहेत. मेकॅनिकल करून आलेलेही टिकतात, फक्त तरंगत्या वस्तूंचं गणित स्वतः बसून करायची तयारी हवी. डेल्फ्टशिप या बोट-डिझाइनच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती सुरुवातीला पुरते. महागडे सॉफ्टवेअर कोर्स विकणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. ते पडद्यावर बोट चकाकवायला शिकवतात, वजनं मांडायला नाही. आतल्या पाण्यात बोट चालवायची तर २०२१ चा इनलँड व्हेसल्स अॅक्ट एकदा तरी वाचा. त्याने १९१७ चा जुना कायदा बदलला. नोंदणी आणि तपासणीचे नियम माहीत नसलेला डिझायनर मालकाला अडचणीत आणतो.

गुरूच धरायचा तर कोकणातला एखादा तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा म्होरक्या, धरा. मला जे काही कळलं त्यातलं बरंचसं अशाच एका म्हाताऱ्याच्या चिडचिडीतून कळलं. नकाशा बघायच्या आधी तो विचारायचा, "बर्फ कुठे ठेवणार?" तेव्हा मला तो आडमुठा वाटायचा. आपल्याकडे भंडाऱ्याच्या बाजूला डोंग्यावर जाळं टाकणारे ढिवरही बघा. जाळं ओढताना माणूस कुठे सरकतो आणि दुसरा कुठे बसतो, हे अर्धा तास बघितलंत तरी पुष्कळ.

भिऊ नका, हे गणित शाळेतल्या तरफेपेक्षा अवघड नाही. वजन गुणिले अंतर, एवढंच. अवघड असतं ते समोर पैसे घेऊन बसलेल्या माणसाला सांगणं की, भाऊ, चोवीस फुटांत एकतर केबिन मिळेल नाहीतर मागे चार जणांची मासेमारी. पहिल्या वेळी तो उठून जाईल. जाऊ द्या. दुसऱ्या कोणाकडे बोट बनवून घेऊन तो पुन्हा येण्याची शक्यता बरीच असते, आणि तेव्हा तो स्कपरबद्दल स्वतःहून विचारतो.