बोट निघण्याआधी विजेची तयारी

मोठ्या बोटीची वीजयंत्रणा तपासण्याचे काम निघण्याच्या किमान तीन आठवडे आधी हाती घ्यावे, कारण एखादा बॅटरी-संच बदलायचा ठरला तर त्याच मापाच्या आणि त्याच जातीच्या बॅटऱ्या मिळवणे, त्या चढवणे आणि दोन-तीनदा पूर्ण भरून व वापरून पाहणे, एवढे सगळे शेवटच्या चार दिवसांत उरकत नाही. सुरुवात मात्र हातात पाना घेऊन करू नये, कागद घेऊन करावी. वीज खाणाऱ्या प्रत्येक उपकरणासमोर त्याला लागणारे अँपिअर आणि ते चोवीस तासांत किती तास चालते हे लिहून त्यांचा गुणाकार मांडावा. समजा २४ व्होल्टच्या बोटीवर फ्रिजचा कॉम्प्रेसर ५ अँपिअर घेतो आणि दिवसातले १२ तास चालतो, तर त्याचे ६० अँपिअर-तास झाले. ऑटोपायलट सरासरी ४ अँपिअरने चोवीस तासांत ९६ खातो, रडार आणि इतर दिशादर्शक उपकरणे मिळून तेवढेच, प्रवासाचे दिवे ११ आणि पंप, रेडिओ, आतले दिवे मिळून ४०. बेरीज ३०३ येते. शिशाची बॅटरी रोज निम्म्यापेक्षा खाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून हा वापर एक दिवस पेलायला संच सहाशेच्या पुढचा हवा, आणि जुनेपणाने २० टक्के क्षमता गेली असे धरले तर साडेसातशेच्या आसपास. बॅटरीवर छापलेला आकडा बहुधा वीस तासांच्या संथ वापराचा असतो. वापर जितका जोरकस तितकी हाती येणारी क्षमता कमी, हा नियम विल्हेल्म पॉयकर्ट यांनी १८९७ मध्येच मांडला होता, तरी इन्व्हर्टरवर मोठी शेगडी लावताना तो हटकून विसरला जातो.

यानंतर बॅटऱ्यांकडे वळावे. आदल्या दिवशी त्या पूर्ण भरून, धक्क्यावरची वीज, सौर पट्ट्या आणि बोटीवरचा सगळा भार तोडून रात्रभर तशाच ठेवाव्यात आणि सकाळी मोजाव्यात. नुकत्याच भरलेल्या बॅटरीच्या पृष्ठभागावरचा चढा व्होल्टेज उतरल्याशिवाय आकड्याला अर्थ नसतो. विसावलेली १२ व्होल्टची शिशाची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर साधारण १२.७, निम्मी असेल तर १२.२ दाखवते. २४ व्होल्टच्या संचात हे आकडे दुप्पट होतात, पण तिथे एकत्रित व्होल्टेजवर समाधान न मानता प्रत्येक बॅटरी स्वतंत्र मोजावी, कारण एक सशक्त आणि एक दुबळी मिळून सरासरी चांगली दिसू शकते. झाकणे उघडता येणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक घटाच्या (सेलच्या) आम्लाची घनता घ्यावी. पूर्ण भरलेल्या घटात ती १.२६५ च्या आसपास असते (उष्ण हवामानासाठी बनवलेल्या बॅटरीत मुळातच थोडी कमी), आणि एकाच बॅटरीतील दोन घटांत ०.०५० पेक्षा जास्त फरक निघाला तर ती बॅटरी संचातून काढण्याची तयारी ठेवावी. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीच्या बाबतीत व्होल्टेजवरून अंदाज बांधू नये. तिचा आलेख जवळजवळ सपाट असल्याने ८० टक्के आणि ४० टक्के यांतला फरक मीटरवर जेमतेम दिसतो. तिथे शंटवरून (ऋण केबलमध्ये बसवलेला, प्रवाह मोजण्यासाठीचा अगदी लहान रोध) अँपिअर-तास मोजणारा मॉनिटरच पाहावा, आणि तोही बॅटरी पूर्ण भरल्यावर शंभरावर पुन्हा जुळवून घ्यावा.

बॅटऱ्यांच्या कप्प्यात हात घालण्याआधी अंगठी आणि घड्याळ काढावे, चष्मा व हातमोजे घालावेत, सांडलेले आम्ल मारण्यासाठी खाण्याचा सोडा जवळ ठेवावा आणि पान्याच्या दांड्याला विजेची टेप गुंडाळावी. सोडवताना ऋण टोक आधी, जोडताना ते शेवटी. पाणी डिस्टिल्डच घालावे आणि ते बॅटरी भरून झाल्यावर घालावे. भरण्याआधी आतल्या शिशाच्या पट्ट्या उघड्या दिसत असतील तरच त्या बुडतील इतपत घालावे, नाहीतर भरताना आम्ल फुगून बाहेर येते. भरताना निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो आणि तो वर चढतो, म्हणून कप्प्याचे वायुवीजन सर्वांत वरच्या जागी हवे. ते जाळीवर साचलेल्या धुळीने किंवा कोणी कोंबलेल्या दोरखंडाने बंद झालेले नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे. बॅटरी पट्ट्याने अशी बांधलेली असावी की बोट कलली तरी ती जागची हलू नये. आम्लाच्या बॅटरीत खारे पाणी शिरले तर क्लोरीन वायू निघतो, तेव्हा बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळातल्या पाणी साचणाऱ्या जागेच्या, तळाशी ठेवलेला संच असेल तर तो उंचावर हलवण्याचा विचार याच वेळी करावा.

आता माझ्या मते या यादीतला सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि सर्वांत दुर्लक्षित: सांधे. बोटीवरचा वीजपुरवठा बॅटरीमुळे जितक्या वेळा बसतो त्यापेक्षा जास्त वेळा तो लगमुळे (केबलच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी), सैल नटमुळे आणि काळवंडलेल्या तांब्यामुळे बसतो, आणि हे दोष भार नसताना मीटरवर उमटत नाहीत. एका बोटीवर आमची नांगराची विंच (नांगर ओढून घेणारे मोटारीचे यंत्र) अर्ध्यातच दम टाकायची. दोन बॅटऱ्या बदलल्या, मोटारीचे ब्रश बदलले, आणि शेवटी ऋण केबलच्या लगवरची नळी चाकूने कापली तेव्हा आत तांब्याच्या तारा काळ्या-हिरव्या पडून बोटाने चोळताच भुगा होत होत्या. बाहेरून ती केबल नवीकोरी दिसत होती. हिशेब सोपा आहे: एखाद्या सांध्याचा रोध केवळ ०.००५ ओहम असला तरी १०० अँपिअर वाहताना तिथे अर्धा व्होल्ट पडतो आणि ५० वॅट उष्णता निघते, म्हणजे एक चांगले सोल्डरिंग आयर्न त्या नटाखाली पेटवून ठेवल्यासारखे होते.

म्हणून मापन भाराखालीच करावे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या खुद्द खांबावर टेकवावे, लगवर नव्हे, आणि दुसरे मोटारीच्या धन टर्मिनलवर. मग विंच चालवावी. दिसेल तो आकडा म्हणजे धन बाजूला वाटेत गमावलेला व्होल्टेज. हेच ऋण बाजूला करावे. महत्त्वाच्या मंडलांत जाण्यायेण्याची मिळून घट ३ टक्क्यांच्या आत, म्हणजे २४ व्होल्टवर सुमारे ०.७ व्होल्टच्या आत असावी, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. विंचला थोडी ढील देता येईल, पण रेडिओ, बिल्ज पंप आणि प्रवासाचे दिवे यांना देऊ नये. घट जास्त निघाली तर एकेक सांधा ओलांडून मोजत जावे, दोषी जागा पाच मिनिटांत सापडते. बदलायची केबल कथिलाचा मुलामा दिलेल्या बहुतारी तांब्याची घ्यावी, लग योग्य साच्याच्या क्रिम्पिंग यंत्राने दाबावा आणि त्यावर आतून गोंद असलेली आकुंचन पावणारी नळी चढवावी. घरच्या वायरिंगची एकेरी जाड तार बोटीच्या थरथरीत टिकत नाही.

फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा, कारण त्याच्या अलीकडची केबल बिनसंरक्षणाची असते. तो केबलच्या जाडीप्रमाणे निवडलेला आहे, उपकरणाच्या हौसेप्रमाणे नाही, याची खात्री करावी. स्वयंचलित बिल्ज पंप मुख्य स्विच बंद असतानाही चालला पाहिजे आणि त्याला स्वतःचा फ्यूज हवा. त्याचा तरंगता स्विच हाताने वर उचलून नव्हे, बादलीभर पाणी ओतून तपासावा.

चार्जिंगच्या बाबतीत चार्जर, अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा) नियामक आणि सौर नियंत्रक या तिघांतही बॅटरीची जात एकच निवडलेली आहे का, हे पाहावे. संच बदलताना एकाची सेटिंग जुनीच राहून गेलेली मी वारंवार पाहिली आहे. बॅटरी तापली की भरण्याचा व्होल्टेज उतरवावा लागतो, दर घटामागे दर अंशाला साधारण ४ मिलिव्होल्ट. २४ व्होल्टच्या संचात १२ घट असतात, तेव्हा ४० अंशांच्या इंजिनखोलीत २५ अंशांच्या तुलनेत ही कपात ०.७ व्होल्टच्या घरात जाते, आणि तापमानाची तार बॅटरीला न लावता लोंबती सोडली तर ही सगळी काळजी वाया जाते. लिथियमच्या संचाला शून्य अंशाखाली भरू नये. त्याचबरोबर तो मिळेल तेवढा प्रवाह ओढून घेतो, म्हणून साधा अल्टरनेटर मंद वेगात तापून जळू शकतो. लिथियम संचाच्या संरक्षक यंत्रणेने अचानक बॅटरी तोडली तर अल्टरनेटरचे डायोड फुटू शकतात, यासाठी मध्ये प्रवाह मर्यादित करणारे साधन असावे. अल्टरनेटरच्या पट्ट्याजवळ काळी भुकटी दिसली तर तो सैल आहे किंवा पुली ओळीत नाहीत.

धक्क्यावरच्या विजेसाठी प्लगची टोके काळवंडलेली नाहीत, ३० मिलिअँपिअरचा गळती-ब्रेकर बटण दाबताच पडतो आणि फेज-न्यूट्रल उलटे नाहीत, हे पाहावे. न्यूट्रल आणि अर्थिंगची जोड जनरेटर किंवा इन्व्हर्टर चालू असताना त्या स्रोतापाशी असावी आणि धक्क्याची वीज थेट घेताना ती सुटलेली असावी. अर्थिंगच्या तारेत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (गंज वाढवणारा सूक्ष्म प्रवाह अडवणारे साधन) नसेल तर शेजारच्या बोटींबरोबर आपली बोट एका मोठ्या बॅटरीचा भाग बनते आणि बोटीचा धातू वाचवण्यासाठी लावलेले जस्ताचे तुकडे अकाली झिजतात. त्यावर उपाय म्हणून अर्थिंगच कापून टाकणे हा मात्र जीवघेणा उद्योग आहे.

सुटे भाग म्हणून प्रत्येक मापाचे दोन फ्यूज, अल्टरनेटरचा पट्टा आणि नियामक, एक तरंगता स्विच, काही लग आणि नळ्या, मल्टिमीटरची बॅटरी आणि डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर बरोबर घ्यावा. रेडिओची राखीव बॅटरी मुख्य संचापासून वेगळी आणि उंचावर असावी.

निघण्याच्या आठवडाभर आधी एक रात्र धक्क्याची केबल काढून काढावी. संध्याकाळी सहाला संच भरलेला असताना फ्रिज, रडार, दिवे आणि रेडिओ समुद्रावर चालतील तसे चालवावेत आणि दर दोन तासांनी व्होल्टेज, प्रवाह आणि खर्च झालेले अँपिअर-तास लिहावेत. सकाळी खर्च कागदावरच्या तेवढ्याच तासांच्या हिशेबापेक्षा जास्त निघाला तर भार मोजण्यात चूक आहे. खर्च जुळला पण व्होल्टेज अपेक्षेपेक्षा खाली गेला तर क्षमता घटली आहे. मग मुख्य इंजिन त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर सुरू करावे. २४ व्होल्टच्या यंत्रणेत स्टार्टर फिरताना मीटर १९ च्या खाली उतरू नये. इंजिन लागल्यावर अल्टरनेटरचा सुरुवातीचा प्रवाह आणि तो उतरणीला लागायला लागलेला वेळ टिपावा. हे आकडे ज्या वहीत लिहायचे ती बॅटरीच्या कप्प्याजवळच टांगावी आणि तिला दोरीने पेन्सिल बांधावी, कारण पेनची शाई दमट हवेत पसरते.