वारशाने आलेला बांबूचा फ्लाय रॉड: ओळखायचा कसा, वापरायचा कसा

आधी हातातला पॉलिश पेपर खाली ठेवा. वार्निशचा डबाही. "जुना रॉड घासूनपुसून नवा करा" असं सांगणाऱ्यांनी जेवढे रॉड मारले, तेवढे माशांनीही मोडले नसतील.

मी पेनसिल्व्हेनियाच्या पूर्व भागात राहतो आणि हौसेने जुने फ्लाय रॉड, म्हणजे खोटी माशी लावून मासे पकडायच्या काठ्या, दुरुस्त करतो. वर्षाला चार-पाच तरी येतात. आता मंडळातल्या मराठी घरांतूनही येऊ लागलेत. कुणाच्या जावयाचे आजोबा गेले, घर रिकामं करताना अडगळीतून ॲल्युमिनियमची नळी निघाली आणि आत कापडी पिशवीत हा रॉड. घासू नका म्हणतो त्याचं कारण कोणताही बुरूड सांगेल, बांबूची ताकद सालीलगत असते. हा रॉड म्हणजे त्रिकोणी तासलेल्या सहा कामट्या, साल बाहेर ठेवून सरसाने एकत्र चिकटवलेल्या. वरून घासलंत की जोर काढून टाकलात आणि भुसा ठेवलात.

मोजा

टेप घ्या आणि प्रत्येक तुकडा वेगळा मोजा. नेहमीची रचना बुंधा, मधला तुकडा आणि दोन शेंडे अशी असते, म्हणजे एक शेंडा जादा. नऊ फुटी रॉडचा प्रत्येक तुकडा तीन फुटांहून किंचित जास्त असतो आणि बहुतेक रॉडमध्ये सगळे तुकडे सारख्या लांबीचे असतात. एखादा शेंडा दोन इंच आखूड भरला तर तो कधीतरी मोडलाय आणि टोकाची कडी (जिच्यातून लाइन, म्हणजे मासेमारीची दोरी, जाते ती) पुन्हा बसवलीय. इंच-दोन इंचाने मासेमारीचं फार बिघडत नाही, किमतीचं मात्र बिघडतं.

नाव शोधा, पण नावावर भाळू नका

मुठीच्या वर बांबूवर शाईने लिहिलेलं असतं, नाहीतर बुंध्याच्या धातूच्या टोपीवर ठसा असतो. टॉर्च तिरपा धरा म्हणजे पुसट अक्षरंही दिसतात. हार्डी (इंग्लंडमधलं ॲनिक, १८७२ पासून) असेल तर 'पालाकोना' हा शब्द आणि अनुक्रमांक मिळू शकतो आणि त्या क्रमांकावरून साल काढता येतं. लेनर्ड, पेन, एफ. ई. थॉमस या नामांकित रॉड बनवणाऱ्यांपैकी नाव दिसलं तर इथेच थांबा आणि जाणकाराला दाखवा. माँटेग्यू, साउथ बेंड, हॉरॉक्स-इबटसन हे कारखान्यातले रॉड, ढिगाने निघाले. माँटेग्यूसारखे कारखाने दुकानांसाठी वेगळ्या नावानेही रॉड बनवून देत, त्यामुळे छापलेलं नाव बनवणाऱ्याचंच असेल असं नाही.

लाकडी पेटीत, भडक दोऱ्यांचा, बरेच तुकडे आणि सोबत गळ-माश्या असा संच निघाला तर तो बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतर जपानहून सैनिकांनी आणलेला. भिंतीवर छान दिसतो. पाण्यावर नेऊ नका.

बांबूवर तपकिरी-काळे चटके दिसले तर माझा जीव थोडा हलतो. तो बहुधा कलकत्ता बांबू, म्हणजे आपल्याकडून इथे आलेला. १८४०च्या दशकात इथल्याच, पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावात सॅम्युएल फिलिप नावाचा बंदुका बनवणारा कारागीर अशा चिरलेल्या बांबूचे रॉड बनवत होता. पुढे विसाव्या शतकात चीनच्या ग्वांगडोंगमधल्या टोंकिन बांबूने त्याला मागे टाकलं. तुमच्या हातात येईल तो रॉड बहुतेक टोंकिनचाच.

सांधे: इथेच रॉड मरतात

तुकडे जोडणाऱ्या धातूच्या नळ्यांना फेरूल म्हणतात. एक नर, एक मादी. चांगल्या रॉडवर ती जर्मन सिल्व्हरची (तांबं, निकेल, जस्ताचा मिश्रधातू, चांदी नाही) असतात, स्वस्त रॉडवर मुलामा दिलेल्या पितळेची.

माझा पहिला बांबूचा रॉड शेजारच्या आजींनी दिला होता, त्यांच्या यजमानांचा. कुठल्यातरी उन्हाळ्यात जोडलेला, तो तसाच गॅरेजच्या भिंतीला टेकून राहिला होता. सांधा सुटेना. मी काय केलं? बाटलीचं झाकण फिरवतो तसा पिळला. आधी "कर्र" आवाज आला आणि मग शेंडा फेरुलाच्या तोंडाशी उभा चिरला. आजी दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

तेव्हा हे पक्कं लक्षात ठेवा: फेरूल कधीही पिळायचं नाही. ना जोडताना, ना सोडवताना. पिळलं की सरस सुटतो, कामट्या एकमेकींवरून सरकतात. कडीला बोट अडकवून पिळणारे तर कडीसकट तिला बांधलेला दोरा उखडतात. ओढायचं ते सरळ रेषेत.

एकटे असाल तर रॉड गुडघ्यांच्या मागे आडवा धरा. दोन्ही हात गुडघ्यांच्या बाहेरून, सांध्याच्या दोन बाजूंना, शक्य तितके जवळ. हात ताठ ठेवा आणि गुडघे हळूहळू बाहेर फाकवा. जोर मांड्यांचा लागतो आणि तो सरळच लागतो. सांधा "टक्" करून सुटतो, आणि हा आवाज आला म्हणजे फेरूल उत्तम आहे. दोघं असाल तर समोरासमोर उभे राहा आणि प्रत्येकाने एकेक हात सांध्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा. एकाने इकडून आणि दुसऱ्याने तिकडून ओढलं की सुटताना एक जण धडपडतो आणि शेंडा दारात चेमटतो. पाहिलंय.

तरीही हटत नसेल तर सांध्याला दहा मिनिटं बर्फ लावा, मग फक्त मादीभोवती मूठ आवळा. बाहेरची नळी आधी तापते, किंचित फुगते, आणि तेव्हाच ओढा. लायटर, हेअर ड्रायर, उकळतं पाणी असले सल्ले देणाऱ्याला तुमचा रॉड दाखवूसुद्धा नका. उष्णतेने फेरुलाखालचा सरस आधी सुटतो, अडकलेला भाग तसाच राहतो. जुन्या रॉडचा सरस तर बहुधा जनावरांच्या कातड्याचा. त्याला ऊब आणि ओल दोन्ही सोसत नाहीत.

सुटल्यावर साफसफाई. कापसाच्या काडीला थोडं स्पिरिट लावून नर बाहेरून आणि मादी आतून पुसा. काळी घाण निघते, तिनेच सांधा आवळलेला असतो. स्पिरिट वार्निशला लागू देऊ नका. पॉलिश पेपर इथेही नाही, कारण फेरूल एकदा सैल झालं की ते सहज पुन्हा घट्ट होत नाही. तेलही नको, त्यावर धूळ बसते. जोडताना आधी नजरेने कड्या एका रेषेत आणा, मग सरळ दाबा. किंचित फट राहिली तर राहू दे.

जोडलेला रॉड हलकेच हलवा. सांध्यातून "टिक् टिक्" ऐकू आलं तर फेरूल बांबूवरून सुटलंय. कामट्यांमध्ये उभी फट दिसली तर सरस गेलाय. दोन्हींचा इलाज कारागीर करतो. कारखान्यातल्या रॉडला तो खर्च रॉडच्या किमतीपेक्षा जास्त येतो, हे आधी विचारून घ्या. शेंडा थोडा वाकडा असणं हा आजार नाही, वय आहे.

लाइन

बुंध्यावर एचडीएच अशी अक्षरं दिसली तर ती रेशमी लाइनची जुनी मापं. एचईएच म्हणजे साधारण आजची ५ नंबर, एचडीएच ६, एचसीएच ७. डबल टेपर, म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती होत जाणारी लाइन, घ्या. काहीच लिहिलेलं नसेल तर ५ पासून सुरू करून पाहा, जड लाइनने सुरुवात करू नका.

पाण्यावर

कार्बन फायबरचा रॉड चालवणारा माणूस बांबू घाईने चालवतो. मागे टाकलेली लाइन सरळ होईपर्यंत थांबा. वाटतं त्याहून अर्धा क्षण जास्त. मुंबईची लोकल पकडायची नाहीये.

माशी झाडात अडकली तर रॉडने झटके देऊ नका. रॉड माशीच्या दिशेने सरळ रोखा आणि लाइन हाताने ओढा. ट्राउट मासा लागला तर लढाईच्या मध्यावर रॉड उलटा फिरवून कड्या वर घ्या, म्हणजे बाक एकाच बाजूला बसत नाही. मासा जाळीत घेताना रॉड उभा करून शेंडा मागे वाकवू नका. हात मागे न्या आणि शेंड्याला मोकळा कमानीत राहू द्या. दोन शेंडे असतील तर आळीपाळीने वापरा.

घरी आल्यावर

ओला रॉड नळीत घालू नका. कोरड्या फडक्याने पुसा, पिशवीत घाला आणि पिशवी खुंटीला टांगा. एक रात्र तशीच राहू दे. नळी बंद करायची ती दुसऱ्या दिवशी, आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवायची नाही, पाच मिनिटंसुद्धा.